राखाडी ओळ

लिखाणातलं खरं आणि रचलेलं ओळखणारं पारख नावाचं यंत्र आलं तेव्हा सगळ्यात आधी आत्मचरित्रवाल्यांची झोप उडाली. एका माजी मंत्र्याने आपल्या तुरुंगवासावर जाडजूड पुस्तक लिहिलं होतं आणि त्यातली पातळ डाळ आणि उंदीर वाचून लोकांचे डोळे पाणावले होते. पारखेने ते पुस्तक वाचलं आणि डाळ, उंदीर सगळं राखाडी करून टाकलं, म्हणजे रचलेलं ठरवलं. साहेब तुरुंगात होते हे खरं, पण घरच्या डब्यावर आणि दवाखान्याच्या गादीवर. त्यांच्यामागोमाग प्रवासवर्णनवाले सापडले, मग युद्धकथावाले. कवी तेवढे निवांत होते. आमचं राखाडीच असतं, असं ते पहिल्यापासून सांगत होते आणि त्यांचं कुणी मनावर घेत नव्हतं.

बघता बघता अशी पाळी आली की पारखेचा शिक्का नसलेलं पुस्तक कुणी हातात धरेना. वाचनालयांनी काळी, म्हणजे खरी ठरलेली, पुस्तकं दर्शनी कपाटात आणली आणि राखाडी जिन्याखाली ढकलली. आईबाप शाळेत जाऊन विचारू लागले, ह्या धड्यात खरं किती आहे? कादंबरी म्हणजे भेळ. चव घ्यावी, पण पोट भरायला जेवण वेगळं लागतं, असं भलेभले बोलू लागले.

परभणीच्या शैलजाबाई शेडगे यांना ह्या भानगडीत पडायचं काही कारण नव्हतं. वय पंच्याहत्तरीच्या पुढे, गुडघे कुरकुरणारे, घरात एकट्याच. पण पारख ज्या पुण्याच्या संस्थेत तयार झाली तिथेच त्यांची मुलगी केतकी नोकरीला होती. आणि त्यांचे दिवंगत यजमान रमाकांत शेडगे हे ‘निरोपाचं पाणी’ ह्या कादंबरीचे लेखक होते. तेव्हा कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ म्हणतात, तसं कधीतरी होणारच होतं.

केतकी सुट्टीला आली ती तोंडावर हसू घेऊनच. शैलजाबाई स्वयंपाकघरात मेथी निवडत बसल्या होत्या. केतकीने समोर बसकण मारली, चार काड्या उगाच हातात घेतल्या आणि म्हणाली की बाबांचं पुस्तक मी पारखेला दिलं.

शैलजाबाईंना पारखेतलं काही कळत नव्हतं, म्हणून केतकीने आधी ते समजावून सांगितलं. माणूस जे डोळ्यांनी पाहतो आणि जे मनात रचतो, त्यांची लिहितानाची वीण वेगळी असते. पाहिलेल्या गोष्टीत निरुपयोगी तपशील येतात. लग्नाला जाऊन आलेली बाई जेवणाबद्दल सांगता सांगता मांडवाच्या खांबाला बांधलेल्या शेळीबद्दल सांगते. शेळीचं गोष्टीत काहीच काम नसतं, पण ती तिथे होती. रचणारा माणूस शेळी आणत नाही, आणलीच तर तिच्याकडून काहीतरी काम करून घेतो. आणि दुसरं म्हणजे पाहणाऱ्याला एक उभं राहायची जागा असते. तिथून त्याला काही दिसतं, काही खांबाआड जातं. रचणाऱ्याला मात्र सगळीकडून सगळं दिसतं, देवासारखं. कोर्टातल्या साक्षी, रोजनिशा, जुनी बातमीपत्रं, ज्यांचं खरंखोटं आधीच ठाऊक आहे असं लाखो पानांचं लिखाण यंत्राला वाचायला दिलं, तेव्हा कुठे त्याला ही वीण ओळखता यायला लागली. आता ते कुठल्याही मजकुराला तीन शाई लावतं. पाहिलेलं काळं, ऐकलेलं निळं, रचलेलं राखाडी.

“ऐकलेलं कसं कळतं?” शैलजाबाईंनी विचारलं.

केतकी म्हणाली की ऐकीव गोष्टीत ती उभं राहायची जागा हरवते. गोष्ट तोंडातोंडी फिरून नदीतल्या गोट्यासारखी गुळगुळीत होते.

मग तिने मुख्य बातमी सांगितली. ‘निरोपाचं पाणी’ बरंचसं राखाडीच निघालं होतं, अधूनमधून निळं. पण बारवेचं प्रकरण काळं निघालं होतं, अगदी काळंकुळकुळीत. सहकाऱ्यांनी पैज लावली होती की ते राखाडी निघणार, आणि केतकी जिंकली होती.

“आई, म्हणजे बाबा तुला खरंच तसं म्हणाले होते,” ती म्हणाली. “आमच्याशी ते कधी धड बोलले नाहीत. पण तुला म्हणाले होते. मला किती बरं वाटलं, काय सांगू.”

शैलजाबाई “हं” म्हणाल्या आणि मेथीतली पिवळी पानं पुन्हा पुन्हा खुडत बसल्या.

हे बारवेचं प्रकरण एके काळी मराठी वाचकांना तोंडपाठ होतं. नांदखेळ नावाचं गाव धरणात जायचं असतं. निघण्याच्या दिवशी गावातल्या बाया बारवेची, म्हणजे त्या पायऱ्यांच्या जुन्या विहिरीची, खणानारळाने ओटी भरतात. ओटी होऊन सगळ्या वर जातात. कादंबरीची नायिका गोदा मात्र खालीच पायरीवर बसून राहते. तिला न विचारता संमतीच्या कागदावर अंगठा उठवलेला तिचा नवरा किसन पायऱ्या उतरून येतो, ‘माझं चुकलं’ म्हणतो आणि तिच्या ओंजळीतून पाणी पितो. एवढंच. पण एवढ्यावर लोक विरघळायचे. नवराबायको जोडीने येऊन पुस्तकावर सही घ्यायचे आणि बायका शैलजाबाईंचा हात धरून म्हणायच्या, तुम्ही भाग्याच्या.

शैलजाबाई हसायच्या. कारण रमाकांतराव जन्मात त्यांना ‘माझं चुकलं’ म्हणाले नव्हते.

म्हणायला कारण नव्हतं असं नाही. शैलजाबाईंचे वडील, अण्णा, शेवटचे दिवस मोजत होते तेव्हा माहेराहून सांगावा आला. त्या वेळी ह्याच कादंबरीची मुद्रणप्रत चालू होती. रमाकांतरावांचं अक्षर म्हणजे मुंग्यांची वारुळं, त्यामुळे छापखान्याला जाणारी प्रत शैलजाबाईच सुवाच्य अक्षरात लिहून काढत. दुसऱ्या दिवशी प्रकाशकाचा माणूस यायचा होता. रमाकांतराव म्हणाले, एवढं उरकू आणि सकाळच्या गाडीने जाऊ. सकाळच्या गाडीने गेले तेव्हा अण्णांना अंगणात आणलेलं होतं.

त्यावर नवराबायकोत एक अक्षर बोलणं झालं नाही. तेरावा झाला आणि परत आल्यावर रमाकांतरावांनी प्रकाशकाला थांबवून धरलं आणि कादंबरीत एक नवीन प्रकरण घातलं. तेच हे बारवेचं. त्याची प्रत करताना शैलजाबाई त्या दोन शब्दांशी थांबल्या. त्यांना वाटलं, तोंडाने म्हणवेना म्हणून ह्यांनी हे माझ्याच हाताने लिहून घेतलं. त्या दिवसापासून त्यांनी मनातला दगड बाजूला ठेवला आणि पुढचा सगळा संसार त्या दोन शब्दांच्या आधाराने केला. लोकांना ती कादंबरी होती. त्यांना ती पावती होती.

आणि आता यंत्र सांगत होतं की हे रचलेलं नाही, घडलेलं आहे.

राखाडी निघालं असतं तर शैलजाबाई सुखाने झोपल्या असत्या. घडलेलं आहे म्हटल्यावर प्रश्न उरतो, कुणाशी? त्यांच्याशी तर नाही. म्हणजे रमाकांतरावांनी कुठल्या तरी विहिरीच्या, नाहीतर नदीच्या काठावर कुणाची तरी माफी मागितली होती, तिच्या ओंजळीतून पाणी प्याले होते, आणि ते इतकं मनात रुतलं होतं की पुढे कादंबरीत आलं. बायकोने आपलं म्हणून ज्याला कवटाळलं ते दुसरीचं होतं. केतकी पुण्याला परत गेली तरी हे काही डोक्यातून जाईना. नांदेडच्या प्रशिक्षणाला ते महिनाभर राहिले होते, तिथे कुणी होती? वाचकमंडळातल्या त्या चष्मेवाल्या बाई, ज्या दर सभेला पहिल्या रांगेत बसायच्या, त्या? त्या बाईही जाऊन आता बरीच वर्षं झाली होती. शैलजाबाईंना मत्सर वाटला. ह्या वयात, मेलेल्या माणसांचा. त्याची त्यांना लाज वाटली आणि लाज वाटूनही तो गेला नाही.

एक दिवस त्यांनी रमाकांतरावांचा बैठकीतला फोटो उलटा करून भिंतीकडे तोंड करून टांगला. कामाला येणाऱ्या बाईने विचारलं तेव्हा म्हणाल्या, उन्हाने रंग उडतो.

त्या वर्षी दुष्काळाने कळस गाठला. सलग तिसऱ्या वर्षी पाऊस रुसला होता आणि धरणाचा तळ उघडा पडला होता. पाण्याखाली गेलेलं जुनं नांदखेळ, म्हणजे शैलजाबाईंचं माहेर आणि कादंबरीतलं गावही तेच, गाळासकट वर आलं. माळावर वसवलेल्या नव्या नांदखेळात टँकरही वेळेवर पोचेना. तेव्हा तिथल्या सरपंचाने, सुदाम आवचारने, डोकं लढवलं. जुन्या बारवेला जिवंत झरा होता, कधी आटला नव्हता, असं सगळे ऐकून होते. तो मोकळा केला तर गाव तरेल. जमिनीत पाहणाऱ्या यंत्राने बारव तर सापडली, पण ती काठोकाठ गाळाने भरलेली. झरा कुठल्या अंगाला, हे सांगणारं जुनं माणूस कुणी उरलं नव्हतं. अभियंता म्हणाला, दोन्ही भिंती एकदम उघड्या पाडल्या तर बारव आत कोसळेल. एकच बाजू निवडा.

सुदामने रमाकांतरावांची कादंबरी काढली. तिच्यात लिहिलेलं होतं: डाव्या हाताला कोनाडा, कोनाड्यात दगडी गाय-वासरू, आणि गाईच्या खुराखालून झरा. पारखेची शाई काळी. मग अडलंय कुठे? त्यांनी पायऱ्यांवरून उतरताना डावीकडे येते ती भिंत धरली आणि पोकलेन लावलं.

काही दिवसांनी त्याचा फोन आला. तो शैलजाबाईंना आत्या म्हणायचा. गावची लेक ती सगळ्या गावाची आत्या.

“आत्या, तुम्हाला यावंच लागतंय. पार खालपर्यंत उकरलं, नुसती सपाट भित हाय. लोकं म्हणायलेत, लिवणाऱ्यानं ठोकून दिलं अन् आपण येडे झालो. तुम्ही तर तितलं पाणी भरलेलं हाय. काही आठवतंय का बगा.”

शैलजाबाईंना जायचं नव्हतं. पण पारखेचा निकाल पहिल्यांदाच फावड्याने तपासला जात होता, म्हणून केतकीही पुण्याहून निघाली होती. तिने जाताना आईला गाडीत घातलंच.

जुन्या गावाची जागा म्हणजे भेगाळलेला राखी गाळ, नजर पोचेल तिथवर. देवळाचा कळस नाही, चिंचा नाहीत. नुसते जोत्यांचे चौकोन. शैलजाबाईंना आपलं घर कुठे होतं तेही ओळखू येईना. सोळा वर्षांच्या असताना त्या इथून निघाल्या होत्या. बारवेच्या तोंडाशी गाव जमलं होतं आणि गावाचे चेहरे काही चांगले नव्हते. केतकी टॅबलेटवर पुन्हा पुन्हा तेच पान काढून बघत होती. यंत्राची एवढी ठाम काळी शाई आजवर कधी चुकली नव्हती.

सुदामने हात धरून शैलजाबाईंना उकरलेल्या भागात उतरवलं. चार-पाच पायऱ्या मोकळ्या झाल्या होत्या. त्यांनी डोळे मिटून आठवायचा प्रयत्न केला. इथून उतरताना काय दिसायचं? काही केल्या भिंत आठवेना. आठवायच्या त्या फक्त पायऱ्या, हिरव्या, बुळबुळीत, आणि आपली पावलं. रिकामी घागर घेऊन उतरणारी पोर भिंतीकडे बघत नाही, पायाखाली बघते.

नाही आठवत रे, असं सांगून त्या परत वर चढायला वळल्या. गुडघा दुखला. त्यांनी सवयीने उजवा हात डोक्याशी नेला, जसं काही तिथे काही धरायचं होतं, आणि डावा हात आपोआप बाजूला गेला. बोटं हवेत थांबली. तिथे काहीतरी असायला हवं होतं. गार, गुळगुळीत, तेलकट.

त्या तशाच उभ्या राहिल्या. केतकीला वाटलं आईला चक्कर आली.

“चढताना,” शैलजाबाई म्हणाल्या. “अगं, चढताना. भरली घागर डोक्यावर असली की उजवा हात घागरीला असायचा. मग गाईला शिवायचं कशाने? डाव्या हातानेच शिवून छातीला लावायचो आम्ही. सगळ्या बाया तसंच करायच्या.”

कादंबरीत तसंच होतं. गोदा डाव्या हाताने गाईला शिवते. डाव्या हाताने देवाला शिवू नये हे शेंबडं पोरही जाणतं, त्यामुळे एका नामवंत समीक्षकाने ह्या एका वाक्यावर लांबलचक लेख लिहून ते गोदेचं बंड ठरवलं होतं. बंड कसलं, दुसरा हात मोकळा नव्हता. पण हे पाणी भरणाऱ्या बाईखेरीज कुणाला कळणार? डावी बाजू म्हणजे चढणाऱ्या बाईची डावी. उतरून बघणाऱ्या गड्यांची ती उजवी होती.

गावकऱ्यांनी आधीचा खड्डा भरून दुसरी बाजू उकरायला घेतली. शैलजाबाई आणि केतकी धरणाच्या कोरड्या काठावर एका ताडपत्रीच्या सावलीत बसून राहिल्या. केतकी आधी खूश होती. मग तिच्या काहीतरी लक्षात यायला लागलं.

“आई, बाबांनी ही बारव पाहिली होती?”

“कुठून पाहणार? गाव बुडाल्यावर चार वर्षांनी आमचं लग्न झालं.”

“मग त्यांना कुणी सांगितलं?”

“मीच. दुसरं कोण सांगणार?” शैलजाबाई म्हणाल्या, आणि म्हणता म्हणता त्यांनाच नवल वाटलं, कारण सांगितल्याचं त्यांना आजवर आठवलंच नव्हतं. अण्णा गेल्यानंतरचे ते दिवस. त्या माहेरच्या ओसरीवर भिंतीला टेकून बसायच्या आणि तोंडाला येईल ते बोलत राहायच्या. अण्णा असे होते, आमचं गाव असं होतं, आमची बारव अशी होती. रमाकांतराव समोर बसून ऐकायचे. एरवी मध्ये बोलणारा माणूस, पण त्या दिवसांत एकदाही मध्ये बोलले नव्हते.

केतकी म्हणाली की मग ही शाई निळी असायला हवी होती. ऐकीव गोष्टीत उभं राहायची जागा हरवते, हा आमचा पायाच आहे. आणि इथे तर हरवली नाही. ती आईकडे बघत राहिली. “त्यांनी स्वतःचं काही घातलंच नाही, आई. तू जिथे उभी होतीस तिथेच जाऊन उभे राहिले. यंत्राला वाटलं, हा माणूस तिथे होता. त्याला एवढंच कळतं की कुणीतरी पाहिलंय. कुणी, ते कळत नाही.”

हे ऐकलं आणि शैलजाबाईंच्या तोंडून इतके दिवस दाबून धरलेलं बाहेर पडलं. त्या म्हणाल्या की तुझे बाबा मला ‘माझं चुकलं’ कधीच म्हणाले नाहीत. घडलेलं आहे म्हणून तू आनंदाने सांगितलंस आणि मी कितीतरी रात्री झोपले नाही. कोण होती ती, एवढंच मला कळायला हवं.

केतकीचा चेहरा पडला. तिने आपलं नेहमीचं काम केलं. टॅबलेटवर तो परिच्छेद काढला आणि मोठ्याने वाचला.

“‘सगळ्या बाया वर गेल्या. किसन वहाणा हातात घेऊन पायऱ्या उतरला. त्याच्या टाचांना भेगा होत्या आणि भेगांत काळी माती होती. तो गोदेच्या वरच्या पायरीवर टेकला. माझं चुकलं, तो म्हणाला. गोदेनं ओंजळ भरून पुढे केली. तो वाकून प्याला, आणि तिच्या कोपरावरून ओघळणारं पाणी खालच्या पायरीवर पडत राहिलं.’”

मग तिने पुन्हा वाचलं, या वेळी हळू. “आई, स्वतःच्या टाचा स्वतःला दिसत नाहीत. हे बाबांवर बेतलं असतं तर त्यांना बाईचा चेहरा दिसला असता. इथे चेहराच नाही, ना तिचा ना त्याचा. टाचा दिसतात, कोपर दिसतं, खालची पायरी दिसते. बघणारं माणूस त्या दोघांच्या खाली बसलेलं आहे.”

खाली कोण बसलेलं होतं ते शैलजाबाईंना माहीत होतं. शेवटची एक घागर भरते म्हणून मागे राहिलेली एक पोर, त्या स्वतःच. ओटी पूर्ण होईपर्यंत गड्यांनी बारवेत उतरायचं नाही, अशी रीत होती. म्हणून अण्णांना उतरताना बघून ती घाबरली आणि घागर पोटाशी धरून तळाच्या पायरीवर अंग चोरून बसली. अण्णांनी तिच्या आईला न विचारता संमतीवर सही केली होती आणि आई त्यांच्याशी बोलत नव्हती. अण्णा वहाणा हातात घेऊन आले. भेगाळलेल्या टाचा. आईने ओंजळ धरली.

की हे पुस्तकातलंच आहे? इतक्या वेळा वाचलेलं, हाताने उतरवून काढलेलं. किसनच्या जागी मी आता अण्णांना बसवतेय की रमाकांतरावांनी अण्णांच्या जागी किसनला बसवलं होतं? शैलजाबाईंनी खूप ताण दिला. दोन्ही आठवणी एकमेकींवर बसल्या होत्या, काही केल्या सुट्या होईनात. त्यांना अगदी रडू आलं.

मग त्यांनी दुसरी वाट धरली. अण्णांचा आवाज आठवून बघितला. बैलावर ओरडणारे अण्णा ऐकू आले. जेवताना ‘भाकर’ एवढंच म्हणणारे अण्णा ऐकू आले. पण बारवेत काही ऐकू येईना. नुसता पाण्याचा आवाज, पायरीवर पडणाऱ्या थेंबांचा.

“ती शाई तुम्ही परिच्छेदाला लावता की ओळीला?” त्यांनी एकदम विचारलं.

केतकी म्हणाली की निकाल परिच्छेदाचा काढतो. बहुतेक वाक्यं काळी असली की सगळा परिच्छेद काळा. पण ओळीओळीचं हवं असेल तर तेही निघतं, कुणी मागत नाही इतकंच.

“मग काढ.”

यंत्राला वेळ लागला नाही. तेवढ्यात बारवेकडून आरडाओरडा ऐकू आला. माणसं धावत होती. सुदाम गुडघाभर चिखलात उभा राहून दोन्ही हात हलवत होता. कोनाडा लागला होता, गाय सापडली होती, तिचं एक शिंग मोडलेलं होतं आणि खुराखालचा गाळ ओला लागत होता. केतकीने तिकडे पाहिलं आणि पुन्हा टॅबलेटकडे पाहिलं. मग तो आईच्या मांडीवर ठेवला.

परिच्छेद नुकताच छापल्यासारखा काळा होता. वहाणा काळ्या, टाचा काळ्या, ओंजळ काळी, ओघळणारं पाणी काळं. मध्ये फक्त एक ओळ राखाडी होती.

माझं चुकलं, तो म्हणाला.

केतकी हळू आवाजात म्हणाली की म्हणजे आजोबा काही बोललेच नाहीत. ते नुसते पाणी प्याले. तू सांगितलंस ते सगळं बाबांनी जसंच्या तसं घेतलं. स्वतःचं म्हणून एवढंच घातलं.

शैलजाबाई त्या दोन शब्दांवरून बोट फिरवत राहिल्या. हेच शब्द त्यांनी स्वतःच्या अक्षरात उतरवले होते, आणि तेव्हा थांबल्या होत्या ते बरोबर थांबल्या होत्या की काय? का हेही आपल्याला हवं म्हणून दिसतंय? यंत्र आज एकदा चुकलेलं होतंच. मग ह्या ओळीबद्दल त्याच्यावर भरवसा कसा ठेवायचा? आणि नाही ठेवायचा, तर इतके दिवस रडलो कशासाठी? त्यांना काही उलगडेना.

“राखाडी म्हणजे खोटं ना गं?” त्यांनी विचारलं.

केतकीने हा प्रश्न सभांमधून, मुलाखतींमधून शेकडो वेळा ऐकला होता आणि दर वेळी तिच्याकडे उत्तर तयार असायचं. आज तिने नुसती मान हलवली, हो म्हणून की नाही म्हणून ते तिचं तिलाच कळलं नसावं.

खालून सुदामची बायको स्टीलच्या तांब्यात गढूळ पाणी घेऊन चढत आली. पहिलं पाणी आत्याला, असं सगळ्यांनी ठरवलं होतं. पिण्यासारखं नव्हतंच ते. शैलजाबाईंनी ओंजळ पुढे केली, पाणी हातात घेतलं आणि ते कोपरावरून ओघळून मातीत जाईपर्यंत बघत राहिल्या. मग ओले हात पदराला पुसले आणि केतकीला उठवून घेतलं.

“चल लवकर,” त्या म्हणाल्या. “घरी तुझ्या बाबांचा फोटो मी भिंतीकडे तोंड करून टांगलाय. तो आधी सरळ करायचाय.”